अजिंठ्याच्या छतावरचा प्याला

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिरलं की बहुतेक लोक सरळ आत जातात. गाभाऱ्याच्या एका बाजूला पद्मपाणी, दुसऱ्या बाजूला वज्रपाणी. गाईड तिथेच थांबवतो, मोबाइलचा फ्लॅश मारू नका म्हणून दोनदा ओरडतो, आणि पंधरा मिनिटांत आपण बाहेर. मान वर करून छत बघणारे फार थोडे. छतावर चौकटींची जाळी रंगवलेली आहे. तिच्यात फुलं, फळं, पक्षी, प्राणी. आणि मध्येच एका चौकटीत एक दाढीवाला माणूस निवांत बसलेला. डोक्यावर टोकदार टोपी, अंगात लांब बाह्यांचा अंगरखा, पायांत मोजे. हातात प्याला. शेजारी एक स्त्री, बाजूला सुरई घेतलेली दासी, पुढ्यात बसलेले सेवक. असे साधारण सारखे चार प्रसंग या छतावर होते. त्यातला एक आता उरलेला नाही.

ज्या माणसाकडे बघून कुणीही म्हणेल की शनिवारची संध्याकाळ चालू आहे, तो बौद्ध विहाराच्या छतावर बसलाय. खाली भिक्खू राहणार होते. त्यांच्या पंचशीलातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं.

हे चित्र मला वाशिमचा माणूस म्हणून जवळचं वाटतं. अजिंठा आमच्यापासून जवळपास दोनशे किलोमीटर, जिल्हा वेगळा, विभागही वेगळा. पण ज्या राजाच्या काळात हे छत रंगलं त्याची राजधानी आमच्या गावात होती.

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या दोन शाखा झाल्या. एक रामटेकजवळच्या नंदिवर्धनाची, दुसरी वत्सगुल्माची. ही दुसरी शाखा पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने चौथ्या शतकात सुरू केली. गंमत अशी की विसाव्या शतकापर्यंत हा सर्वसेन इतिहासातून जवळजवळ गायब होता. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या शिलालेखात त्याचं नाव होतं, पण अक्षरं झिजलेली, आणि सुरुवातीच्या वाचनांत ते निसटलं. १९३९ मध्ये वाशिमला ताम्रपट सापडला. सर्वसेनाचा मुलगा दुसरा विंध्यशक्ती याने वत्सगुल्माहून दिलेलं दानपत्र, राज्यवर्ष ३७, थोडं संस्कृत आणि बरंचसं प्राकृत. त्या पत्र्यांमुळे शाखेची वंशावळ लागली, आणि मग वा. वि. मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला तेव्हा सर्वसेन तिथेही सापडला. शाळेत आम्हाला यातलं काही शिकवलं नाही. वाशिम म्हणजे बालाजीचं मंदिर आणि पद्मतीर्थ, एवढ्यावर आमचा स्थानिक इतिहास संपायचा.

याच शाखेतला हरिषेण हा शेवटचा मोठा राजा. सोळावं लेणं त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने कोरवलं. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने पन्नासेक वर्षं अजिंठ्यावर घालवली. त्याचं म्हणणं असं की अजिंठ्याचा दुसरा, मोठा टप्पा इसवी सन ४६० ते ४८० या वीसेक वर्षांत उरकला, आणि पहिलं लेणं खुद्द हरिषेणाचं. सगळे अभ्यासक स्पिंकच्या वर्षावर्षाच्या हिशोबाशी सहमत नाहीत. पण पाचव्या शतकाचा उत्तरार्ध आणि वाकाटकांचं राज्य यावर आता फारसा वाद उरलेला नाही.

मग छतावरचा तो माणूस कोण?

१८७९ मध्ये जेम्स फर्ग्युसनने याचं उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने दिलं होतं. हा इराणचा बादशहा दुसरा खुस्रो, शेजारी त्याची शिरीन. याच लेण्यातल्या भिंतीवर परदेशी लोक भेटी घेऊन राजापुढे आलेत असं एक मोठं चित्र आहे. तो फर्ग्युसनच्या मते चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्याकडे आलेला इराणी वकील. गोष्ट इतकी छान जमली की पुढे कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत चालली, काही ठिकाणी अजून चालते. पण खुस्रो आणि पुलकेशी सातव्या शतकातले. लेणं त्याच्या दीडशे वर्षं आधीचं. भिंतीवरचं चित्र बौद्ध कथेतलं आहे असं पुढे दाखवलं गेलं, आणि छतावरचा माणूस कुणी ठरावीक बादशहा नसून ऐश्वर्याचं, सुखाचं चिन्ह असावा असं मानलं जाऊ लागलं. काहींना त्याच्यात धनाचा देव कुबेर दिसतो.

माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची गोष्ट साधी आहे. पाचव्या शतकातल्या चित्रकाराला 'मजेत पिणारा माणूस' काढायचा होता तेव्हा त्याने इराणी कपड्यांतला माणूस काढला. द्राक्षाची दारू म्हणजे पश्चिमेकडची, बाहेरची वस्तू, ही कल्पना त्याच्या हातात इतकी मुरलेली होती.

आणि ती खरी होती. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. त्यात दारू आहे, तीही दर्जा लावून: इटलीची सर्वांत आवडती, शिवाय सीरियाच्या किनाऱ्याची आणि अरबस्तानची. भडोचहून माल आत पैठणला आणि तेरला जायचा. कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावर सापडलेल्या दुहेरी कानांच्या मातीच्या कुंभांचे तुकडे बघून पुरातत्त्वज्ञ सरसकट 'रोमन' म्हणायचे. पुढे रॉबर्टा टॉम्बर यांनी ते तुकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यातले बरेचसे रोमन नव्हतेच. ते इराण-इराककडचे निघाले. लांबुळके, बिनकानांचे, खाली निमुळते कुंभ, आतून डांबराचा लेप दिलेला, म्हणजे पातळ पदार्थ झिरपू नये. आकारावरून त्यांना टॉर्पेडो कुंभ म्हणतात. मुंबईजवळच्या घारापुरीवरही ते सापडलेत. त्यांतून बहुधा दारू यायची. छतावरच्या माणसाच्या टोपीचं कोडं या खापरांनी बरंच सुटतं.

त्याही आधी कौटिल्याने द्राक्षाच्या रसाच्या दारूला 'मधु' म्हटलं आहे आणि तिच्या दोन जाती गावाच्या नावाने सांगितल्या आहेत. त्यातली एक कापिशायन, म्हणजे कपिशा प्रांताची, आजच्या काबूलच्या उत्तरेकडची. आज आपण बाटलीवर गावाचं नाव वाचून भाव खातो, तसंच.

*

आता पिण्याच्या पद्धतीकडे येऊ.

वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'चं नाव घेतलं की लोक डोळे मिचकावतात, पण त्यातला माझ्या आवडीचा भाग नागरकाच्या दिनक्रमाचा आहे. नागरक म्हणजे शहरात राहणारा, हातात पैसा असलेला, शिकलेला तरुण. घर कसं असावं, खोलीत वीणा कुठे टांगावी, सकाळी काय करावं, सगळं लिहिलंय. आणि त्याने मित्रांबरोबर करायच्या पाच गोष्टी: जत्रेला जाणं, गोष्टी म्हणजे गप्पांची बैठक, एकत्र पिणं, बागेत सहलीला जाणं आणि खेळ. तिसऱ्याचं नाव समापानक. नियम असा की आपानक एकमेकांच्या घरी करायचं, आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. प्यायला चार प्रकार: मधु, मैरेय, सुरा, आसव. सोबत खारट, आंबट, तिखट, कडू चवीच्या गोष्टी, फळं आणि हिरवी भाजी. म्हणजे चखणा. चवींची इतकी नीट मांडणी बघून मला वाटतं की हे लोक चव घेत होते, नुसतं ढोसत नव्हते.

मैरेय आज कुणी करत नाही, पण कौटिल्याने कृती देऊन ठेवली आहे: मेषशृंगी नावाच्या झाडाच्या सालीचा काढा, गूळ, पिंपळी, मिरी, हवा तर त्रिफळा. आयुर्वेदिक दुकानातल्या आसव-अरिष्टांची चव ज्यांना माहीत आहे त्यांनी अंदाज करावा.

याच 'कामसूत्रा'त वत्सगुल्माचा उल्लेख आहे. मात्र फुशारकी मारावी असा नाही. राजांच्या अंतःपुरांत कुठे कुठे काय चालतं याच्या यादीत आमच्या गावाचं नाव येतं. मंत्र्यांच्या बायका रात्री राजाच्या सेवेला जातात, दासींच्या वेशात नागरकांची पोरं आत सोडली जातात, असल्या बातम्या. त्यामानाने नंतरचा कवी राजशेखर दयाळू. त्याने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न वत्सगुल्मात लावलं आणि या गावाला मदनाचं खेळण्याचं ठिकाण म्हटलं. वाशिमच्या पाटणी चौकात उभं राहून हे वाक्य मनात आणून बघा.

कौटिल्याचा सुराध्यक्ष नावाचा अधिकारी होता. दारू गाळणं, विकणं सगळं त्याच्या ताब्यात. परवानगीशिवाय केलं तर ६०० पण दंड. प्यायचं तर सरकारी पानागारात बसून. तिथे वेगळ्या खोल्या, बिछाने, फुलं, अत्तर, ऋतूप्रमाणे सोय, आणि कोण ऐपतीबाहेर खर्च करतोय हे टिपायला गुप्तहेर. घरी न्यायची असेल तर थोडीशीच, तीही कुणाला? ज्यांची वर्तणूक चांगली म्हणून माहीत आहे त्यांना. पण सण, जत्रा, यात्रा असेल तर चार दिवस मोकळीक.

चार दिवस. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लगेच लाँग वीकेंड आठवला. पुण्याच्या कंपन्यांतली आमच्याकडची पोरं स्वातंत्र्यदिनाला जोडून रजा टाकतात आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गावी येतात. तेवढे तीन-चार दिवस सगळे एका गावात असतात. गेल्या वर्षी एकाने नाशिकहून दोन बाटल्या आणल्या होत्या, एक लाल आणि एक पांढरी. पंधरा ऑगस्टला ड्राय डे, म्हणून चौदाच्या रात्री एकाच्या शेतातल्या खोलीवर बसलो. स्टीलचे पेले, शेंगदाणे, कांदा-टमाटर, ठेचा. पहिला घोट घेऊन एकजण म्हणाला, "आंबट हाय बे. अन् हे लोक हजार रुपयाले विकतेत?" तासाभराने तोच पांढरीत कोणत्या फळाचा वास येतो यावर भांडत होता.

आमच्यातला एकजण पीत नाही. त्याची आजी लहानपणी आईबापासोबत नागपूरला दीक्षा घ्यायला गेली होती, १४ ऑक्टोबर १९५६. बाबासाहेबांनी त्या दिवशी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. अजिंठ्याच्या विहारात भिक्खूंनी पाळायचं शील दीड हजार वर्षांनी याच विदर्भात लाखो लोकांनी एका मैदानावर पुन्हा घेतलं. त्याला आम्ही कुणी कधी आग्रह केलेला नाही. त्या रात्री त्याने लाल वाईनचा पेला हातात घेऊन नुसता वास घेतला, म्हणाला "जांभूळ", आणि पेला परत दिला. ते बरोबर होतं.

*

वत्सगुल्माचं राज्य हरिषेणानंतर लगेच कोसळलं. का कोसळलं याची एक गोष्ट संस्कृतात आहे, आणि तिच्यात दारूची बैठक मध्यभागी आहे.

दंडी हा सातव्या-आठव्या शतकाच्या आसपासचा, कांचीकडचा लेखक. त्याच्या 'दशकुमारचरिता'च्या शेवटच्या भागात विदर्भाच्या एका राजघराण्याची कथा येते. नावं बदललेली आहेत. पण मिराशींनी दाखवलं की त्यातली राज्यं, मांडलिक आणि घटना वाकाटकांच्या अखेरच्या काळाशी जुळतात, आणि स्पिंकने आपला पुष्कळसा हिशोब याच कथेच्या आधाराने बांधला. कथा म्हणजे पुरावा नव्हे, हे दोघांनाही माहीत होतं. तरी वाचताना काटा येतो.

विदर्भाचा पुण्यवर्मा नावाचा चांगला राजा मरतो. मुलगा अनंतवर्मा गादीवर येतो. हुशार आहे, कलांमध्ये रमतो, पण कारभाराचा कंटाळा. म्हातारा मंत्री वसुरक्षित त्याला दंडनीती शिक म्हणून विनवतो. राजाला पटतंही. तेवढ्यात विहारभद्र नावाचा दरबारी पुढे होतो. हा माणूस गाणंबजावणं जाणणारा, बोलण्यात पटाईत, लाच खाणारा. तो राज्यशास्त्राची अशी टर उडवतो की हसू आवरत नाही. शास्त्राप्रमाणे राजाचा दिवस आठ भागांत वाटलेला: या तासाला हिशोब, त्या तासाला तक्रारी, मग हेर, मग सैन्य, झोपायला उरतो तुकडा. एवढं करून जगायचं कधी? जे शास्त्री हे शिकवतात ते तरी असं जगतात का? कॅलेंडरवर लागोपाठ मीटिंगांच्या पट्ट्या बघणाऱ्या माझ्यासारख्याला विहारभद्राचं म्हणणं चटकन पटतं. राजालाही पटलं.

मग शेजारच्या अश्मक देशाचा राजा वसंतभानू आपला माणूस पाठवतो. चंद्रपालित, मंत्र्याचा मुलगा, बापाने हाकलून दिलंय असं सोंग घेऊन. सोबत गवई, नाचणाऱ्या, हेर. तो राजाच्या बैठकीत शिरतो आणि एकेका व्यसनाचे फायदे सांगतो. शिकारीने चरबी झडते, जुगाराने मन खंबीर होतं. पिण्याचे फायदे मोजताना तर तो थांबतच नाही. आसवांनी रोग हटतात, तारुण्य टिकतं, दुःख विसरतं, भीती जाते. मोकळेपणाने बडबडल्याने विश्वास वाढतो. आणि वाटून प्यायल्याने मित्र जमतात.

हा शेवटचा मुद्दा वाचून मी थांबलो. बाकी सगळी बकवास असेल, पण हे तर खरं आहे. वात्स्यायनाने जे नागरकाचं सौजन्य म्हणून लिहिलं, तेच दंडीने शत्रूच्या हेराच्या तोंडी घातलं.

पुढचं झपाट्याने होतं. राजा बैठकीत, अधिकारी लुटीत, प्रजा राजाचं बघून तशीच. अश्मकाची माणसं सैन्यात विष आणि दगाफटका पेरतात. वनवासीचा राजा चढाई करतो. अनंतवर्मा मांडलिकांना बोलावतो, आणि अश्मकाचा वसंतभानू त्यांनाच फोडतो. कुंतल, मुरल, ऋषिक, कोकण, आणि नासिक्याचा नागपाल. हो, नाशिकही त्यात होतं. अनंतवर्मा लढाईत मरतो, मांडलिक लुटीवरून एकमेकांत भांडतात, आणि सगळं अश्मकाच्या घशात जातं. राणी दोन मुलं घेऊन पळते.

अजिंठ्यात याचे ठसे शोधायचे तर आहेत. सव्विसाव्या लेण्याचा लेख बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने अश्मकाच्या भव्विराज या मंत्र्याच्या स्मरणार्थ लिहवला. ऋषिकांशी जोडलेल्या सतराव्या लेण्याच्या लेखातही अश्मकांचं नाव येतं. म्हणजे ज्या डोंगरात हरिषेणाच्या छतावर तो इराणी निवांत पीत होता, त्याच डोंगरात थोड्या अंतरावर अश्मकाची माणसं छिन्नी चालवत होती.

ही कथा ऐकून 'दारूने राज्य बुडालं' असं म्हणणं सोपं आहे, आणि विदर्भात ते ऐकून लोक मान डोलावतील. मला ते पूर्ण पटत नाही. दंडीची कथा नीट वाचली तर राज्य अश्मकाच्या कारस्थानाने बुडतं, मांडलिकांच्या लोभाने बुडतं, लाचखाऊ दरबाऱ्यांनी बुडतं. अनंतवर्म्याचा प्याला त्या सगळ्यांच्या सोयीचा होता. तोच डोळ्यांत भरतो, बाकीचे मोकळे सुटतात. वाशिम हा शेतकरी आत्महत्यांनी गाजलेल्या पश्चिम विदर्भातल्या जिल्ह्यांपैकी एक. इथे गळफास घेतलेल्या माणसाबद्दल चावडीवर पहिला प्रश्न येतो, "पेत होता काय?" उत्तर हो आलं की सोयाबीनचा भाव, सावकार, बुडालेली पेरणी, सगळं एका शब्दात गुंडाळलं जातं. तो पीतही असेल. पण तो शब्द कुणाच्या सोयीचा आहे, हे दंडीने तेराशे वर्षांपूर्वी बरंचसं लिहून ठेवलंय.

याची दुसरी बाजू दंडीने एका ओळीत उरकली आहे: राणी दोन मुलं घेऊन पळाली. तिच्या बाजूने कुणी काव्य लिहिलं नाही. आपल्याकडच्या बाया मात्र काव्याची वाट बघत बसल्या नाहीत. महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायला मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त मतदार बायांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, वर्ध्यात १९७५ पासून. चंद्रपुरात २०१५ ला आली, २०२१ ला उठली. बंदीने दारू थांबते का यावर माझं मत फारसं आशावादी नाही. पण ज्यांच्या घरी रात्री अकराला दार वाजतं त्यांनी आडवी बाटली निवडली तर मी त्यांना आपानकाची थोरवी सांगायला जाणार नाही.

*

राज्य कुणाचंही असो, दारूवरचा हक्क कुणी सोडलेला नाही. वाकाटकांच्या दानपत्रांत दान दिलेल्या गावाला कोणत्या सरकारी मागण्यांतून सूट आहे याची यादी असते. अचलपूरजवळच्या चम्मकच्या ताम्रपटात मिठाच्या जोडीला 'क्लिन्न' असा शब्द आहे. त्याचा अर्थ अभ्यासक आंबवलेलं मद्य असा लावतात. म्हणजे एरवी मीठ आणि मद्य या दोन्हींवर राजाचा हात होता. गांधींच्या चळवळीत मीठ आणि दारूची दुकानं ही दोन्ही निशाण्यावर होती हे आठवलं की त्या जोडीची मजा वाटते.

इंग्रजांनी हाच हक्क पक्का केला. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला. १८९२ ला ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं साठवण्यावरही बंधनं घातली, कारण फूल घरात असलं की दारू घरात गाळता येते. विदर्भातला गरीब माणूस पीत आला तो मोहाची आणि शिंदी. द्राक्ष त्याच्या वाट्याला कधी नव्हतं. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला आला तेव्हा तिथे वर्षातून दोनदा द्राक्षं येतात असं त्याने लिहिलं, पण ती सुलतानाच्या शहराची गोष्ट. कौटिल्याच्या राज्यात चांगल्या वर्तणुकीचा माणूस दारू घरी नेऊ शकायचा आणि बाकीच्यांनी हेरांसमोर प्यायची. ती रेघ तेव्हापासून पुसलेली दिसत नाही. मोहाची गाळली की धाड, द्राक्षाची गाळली की उद्योग.

द्राक्षाचा उद्योग महाराष्ट्रात सुरू झाला तो १९८० च्या दशकात नारायणगावला. शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळती वाईन काढली आणि परदेशात विकताना तिला नाव दिलं 'ओमर खय्याम'. बाटलीतली द्राक्षं पुणे जिल्ह्यातली, नाव मात्र इराणी कवीचं. अजिंठ्याच्या चित्रकाराने डोळे मिचकावले असते. १९९९ मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकला 'सुला' सुरू केली. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणून वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं. वाईन म्हणजे दारू नव्हे, शेतकऱ्याच्या फायद्याची गोष्ट, असं एक बाजू म्हणाली. दुसऱ्या बाजूने महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करताय का विचारलं. अण्णा हजारे उपोषणाला निघाले. निर्णय अमलात आलाच नाही. शेतकऱ्याच्या फायद्याचं बोलणं ऐकताना वाशिमच्या माणसाला एवढंच वाटतं की तो शेतकरी द्राक्षवाला आहे, आमच्याकडे सोयाबीन आणि तूर.

आमच्यासारखे पंचविशी-तिशीतले, पगारदार, गावी आल्यावर चार दिवस बसणारे लोक या इतिहासात नेमके नागरकाच्या जागेवर आहोत. आपल्या बैठकीला कुणी व्यसन म्हणत नाही. दोन एकर शेत असलेला माणूस देशीचा क्वार्टर घेऊन टपरीमागे उभा राहतो, त्याला म्हणतात. फरक बाटलीत आहे तितकाच बसायला असलेल्या खोलीत आणि सोबतीला असलेल्या लोकांत आहे. कामसूत्रातल्या पोरांकडे वीणा टांगलेली खोली होती. आमच्याकडे शेतातली खोली होती.

कायदा मात्र या बाबतीत सगळ्यांना एकाच मापाने मोजतो, निदान कागदावर. मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा राज्य पुनर्रचनेनंतर, १९५९ मध्ये विदर्भालाही लागू झाला आणि थोड्याफार बदलांसह अजून चालू आहे. त्याच्या हिशोबाने महाराष्ट्रात दारू मुळात बंद आहे, आणि आपण पितो ते परवान्यावर. बीअर-वाईनला वय २१, कडक दारूला २५. एका दिवसाचा विदेशी दारूचा परवाना पाच रुपयांना मिळतो. बहुतेकांनी तो कधी काढलेला नसतो, आणि आम्हीही त्या रात्री काढला नव्हता. हा परवाना माणसाला पिण्याची परवानगी देतो ती त्याचं आरोग्य राखण्यासाठी. चंद्रपालिताच्या यादीतही पहिला फायदा हाच होता.